मुशीची अर्धी गोष्ट

बालमित्रांनो, एरवी आम्ही गुरुजी मंडळी तुमच्या चुका काढतो. लाल पेनानं गोल करतो, समासात 'पुन्हा लिही' असा शेरा मारतो. आज मात्र मी तुम्हाला माझीच एक चूक सांगणार आहे. हसू आलं तर खुशाल हसा, पण मध्येच पान उलटू नका. गोष्ट अर्धी सोडली की काय होतं, तेच तर मला सांगायचं आहे!

मी मूळचा घाटावरचा. आमच्या गावाकडे पाणी म्हणजे विहिरीचं, नाहीतर पाटाचं. पाठीला पत्र्याचा डबा बांधून मी विहिरीत पोहायला शिकलो. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो सहावीच्या सुट्टीत, मुंबईला मामाकडे गेलो तेव्हा. आणि नेमका त्याच सुट्टीत, समुद्रावर जायच्या आदल्या रात्री, मामाच्या टीव्हीवर एक इंग्रजी चित्रपट पाहिला. त्याचं नाव 'जॉज', म्हणजे जबडा.

संवाद काही कळले नाहीत. पण कळायची गरजच नव्हती. निळं पाणी, पाण्यात पोहणारी माणसं आणि ते संगीत! धडधड... धडधड... जणू कुणीतरी खालून येतंय. शार्क तर बराच वेळ दिसतच नाही. पण ती पाण्याखाली आहे, हे आपल्याला ठाऊक असतं. मी मामीच्या पदराआड तोंड लपवून, एका डोळ्यानं तो चित्रपट पाहिला.

दुसऱ्या दिवशी चौपाटीवर मामेभावंडं लाटांत उड्या मारत होती आणि मी कोरड्या वाळूत भेळ खात बसलो होतो. मामा म्हणाला, "अरे, घाटावरचा वाघ ना तू? ये की पाण्यात!" वाघ काही उठला नाही.

पुढे डी.एड. झालो आणि नोकरी लागली ती नेमकी पालघर जिल्ह्यात. गाव खाडीच्या काठी. शाळेच्या ओट्यावर उभं राहिलं की समोर खाडी दिसते. भरतीला पाणी शाळेच्या कुंपणाजवळ येतं आणि ओहोटीला नजर जाईल तिथवर चिखलच चिखल. माझ्या वर्गातली पोरं त्या पाण्यात बेडकासारखी डुंबतात. मी मात्र इतक्या वर्षांत घोट्याच्या वर पाणी लागू दिलं नव्हतं. सहल समुद्रावर गेली की मी काठावर उभा. कुणी विचारलंच तर उत्तर तयार : "मुलांच्या चपला सांभाळायला कुणीतरी हवं ना!"

आता मुद्द्यावर येतो.

२०२४ सालच्या फेब्रुवारी महिन्यातली गोष्ट. आमच्याच जिल्ह्यात, मनोरजवळ, वैतरणेच्या खाडीत एका तरुणावर शार्कनं हल्ला केला. जीव वाचला, पण बिचाऱ्याला पाय गमवावा लागला. समुद्रापासून इतक्या आत, खाडीत शार्क! बातमी वाऱ्यासारखी पसरली. घरोघरी मोबाइलवर त्याच त्या चित्रफिती फिरू लागल्या. त्यांतल्या काही तर आपल्या देशातल्याही नव्हत्या, पण पाहणाऱ्याला कोण सांगणार?

दुसऱ्या दिवशी वर्गात तोच विषय. माझ्याकडे तिसरी आणि चौथी एकत्र बसतात. कुणी म्हणालं शार्क एवढी, कुणी म्हणालं तेवढी. कोळ्याची एक मुलगी उठून म्हणाली, "गुरुजी, शार्क म्हणजे आपली मुशीच ना? ती तर आम्ही खातो!" सगळा वर्ग हसला.

खरं तर तिनं अगदी बरोबर सांगितलं होतं. आपल्याकडे ज्याला मुशी म्हणतात, मालवणकडे मोरी म्हणतात, ती शार्कच. तिचं कालवण घरोघर होतं. त्या दिवशी मी तिथूनच धडा सुरू करायला हवा होता. पण माझ्या अंगात त्या दिवशी गोष्ट सांगायची खुमखुमी आली होती. मी म्हणालो, "थांबा, तुम्हाला एक खरीखुरी गोष्ट सांगतो." आणि मी १९१६ सालची गोष्ट सुरू केली.

तुम्हीही ऐका. अमेरिकेत न्यू जर्सी नावाचं राज्य आहे, अगदी समुद्रकाठी. त्या वर्षी उन्हाळा फार कडक होता. न्यूयॉर्क आणि आसपासच्या भागात पोलिओची साथही होती. त्यामुळे शहरातली पुष्कळ माणसं समुद्रकाठी आली होती. १ जुलैला बीच हेवन या गावी चार्ल्स व्हॅन्सँट नावाच्या तरुणावर शार्कनं हल्ला केला. तो वाचला नाही. ६ जुलैला, तिथून उत्तरेला असलेल्या स्प्रिंग लेक या गावी, चार्ल्स ब्रूडर नावाचा हॉटेलात काम करणारा तरुण असाच गेला.

आणि मग आली १२ जुलै. मॅटावान नावाचं एक छोटं गाव. ते समुद्रकाठी नाही, चांगलं आत आहे. गावाजवळून एक अरुंद खाडी जाते. अगदी आपल्यासारखीच! दुपारची वेळ. उकाडा मी म्हणत होता. काही मुलं धक्क्यावरून पाण्यात उड्या मारत होती. त्यांत एक होता अकरा वर्षांचा लेस्टर स्टिलवेल...

इथवर आलो तेव्हा वर्गात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. मीही रंगात आलो होतो. आवाज खाली आणला. हाताचा पंजा उभा करून टेबलाच्या कडेवरून हळूहळू सरकवला, कल्ल्यासारखा. आणि... घप्! टेबलावर हात आपटला. पहिल्या रांगेतली पोरं किंचाळली.

नेमकी तेव्हाच सुट्टीची घंटा झाली. "उरलेली गोष्ट सोमवारी!" मी म्हणालो. मनात म्हटलं, काय रंगली गोष्ट! स्वतःवर बेहद्द खूश होऊन घरी गेलो.

सोमवारी शाळा भरायच्या आधीच दारात एक बाई उभ्या. तिसरीतल्या एका मुलाची आई. त्याचं खरं नाव सांगत नाही, आपण त्याला बारक्या म्हणू. बारक्याची आई ओहोटीला खाडीत उतरते, कालवं आणि चिंबोऱ्या गोळा करते आणि बाजारात विकते. घरचं मीठमिरची त्यावर चालतं. सुट्टीच्या दिवशी बारक्या तिच्याबरोबर टोपली धरायला जायचा.

"गुरुजी, पोराला काय सांगितलंत तुम्ही?" त्या म्हणाल्या. रागावल्या नव्हत्या, थकल्या होत्या. "परवापासून पाण्यात उतरत नाही. तो नाही उतरला तरी चालेल. पण मलाही उतरू देत नाही. काल ओहोटीला निघाले तर पायाला मिठी मारून बसला. आई, तुला मुशी खाईल, म्हणून रडरड रडला. मी गेलेच नाही. कालचा दिवस बुडाला. आजही ओहोटी आहे. काय करू सांगा."

मित्रांनो, मला तोंड उघडता येईना. एवढ्याशा पोरानं आईचे पाय धरून ठेवले होते, आणि ते माझ्या गोष्टीमुळे. टेबलावर मी आपटलेला तो हात थेट त्या घरातल्या चुलीपर्यंत पोचला होता.

मी म्हणालो, "ताई, चूक माझी आहे. मी येतो तुमच्याबरोबर. शाळा सुटल्यावर ओहोटी असेल तेव्हा."

म्हणालो खरा, पण बोलून गेल्यावर पोटात गोळा आला. मी? खाडीत?

दोन दिवसांनी संध्याकाळची ओहोटी साधली. बारक्या काठावर टोपली पोटाशी धरून उभा. मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाय टाकला. थंडगार चिखल बोटांतून वर आला. पाय उचलून पुढं टाकणार, तोच बारक्याची आई ओरडली, "गुरुजी, पाय उचलू नका! घासत चला!"

"का हो?"

"पाकट असतं चिखलात. अंगावर पाय पडला की शेपटीचा काटा मारतं. पाय घासत गेलं की ते आपणच उठून पळतं."

पाकट म्हणजे चपटा, पंख पसरल्यासारखा दिसणारा मासा. शार्कचा लांबचा भाऊबंदच. त्याचा काटा विषारी असतो. लागला की माणूस कळवळतो. मी विचारलं, "आणि मुशीची भीती नाही वाटत?"

त्या हसल्या. "मोठी मुशी मी आजवर बाजारातच पाहिली. पाकटाचा काटा मात्र दोनदा खाल्ला. मग मी कशाला जपू, सांगा? पण गुरुजी, म्हणून काय कसंही उतरायचं नाही. अंधार पडला की उतरायचं नाही. जिथं मासळी धुतात, रक्ताचं पाणी सोडतात, तिथं पोरांना पोहू द्यायचं नाही. एकट्यानं जायचं नाही. पाणी कसं हलतं ते बघत राहायचं. आमच्या सासूबाईंनी शिकवलंय."

मी गुडघाभर पाण्यात थिजून उभा राहिलो. पाण्यामुळे नव्हे, लाजेनं! मी डी.एड. शिकलेला माणूस. चित्रपट पाहून वीस-पंचवीस वर्षं नुसता घाबरत राहिलो होतो. आणि ही शाळेत फारशी न गेलेली बाई रोज पाण्यात उतरत होती, पण डोळे उघडे ठेवून. माझ्याकडे होती भीती. तिच्याकडे होता सावधपणा. या दोन्ही गोष्टी दुरून सारख्या दिसतात, पण त्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. भीती माणसाला काठावर खिळवून ठेवते. सावधपणा त्याला पाय घासत का होईना, पुढं नेतो.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी फळ्यावर काहीच लिहिलं नाही. खुर्ची बाजूला ठेवली, पोरांच्या मध्ये बसलो आणि म्हणालो, "त्या दिवशी मी तुम्हाला अर्धीच गोष्ट सांगितली. आज सगळी सांगतो."

मग मी मॅटावानच्या गोष्टीतला तो माणूस आणला, ज्याला मी आधी विसरलो होतो. त्याचं नाव कॅप्टन थॉमस कॉट्रेल. उभा जन्म समुद्रावर घालवलेला म्हातारा खलाशी. १२ जुलैच्या दिवशी तो खाडीवरच्या पुलावर उभा होता. त्याला पाण्यात भलीमोठी शार्क आत शिरताना दिसली. तो धावत गावात गेला. "खाडीत शार्क आहे, पाण्यात उतरू नका!" असं सांगत सुटला. लोकांनी काय केलं असेल? चक्क हसले! खाडीत कुठं शार्क येते? म्हाताऱ्याला ऊन लागलंय!

आणि थोड्याच वेळात लेस्टर दिसेनासा झाला. त्याला फिट यायची. लोकांना वाटलं, पाण्यात फिट आली असेल. त्याला शोधायला स्टॅन्ली फिशर नावाच्या चोवीस वर्षांच्या तरुणानं पाण्यात उडी घेतली. शार्कनं त्याच्याही मांडीचा लचका तोडला. त्याच संध्याकाळी तो दवाखान्यात गेला. थोड्या अंतरावर जोसेफ डन नावाच्या मुलाचा पाय शार्कनं धरला. पण त्याच्या भावानं आणि मित्रांनी त्याला ओढून काढलं. तो जगला, त्याचा पायही वाचला. असे त्या बारा दिवसांत एकूण चारजण गेले आणि एकजण वाचला.

"गुरुजी, पण त्या कॅप्टनचं कुणी ऐकलं का नाही?" ती मुशी खाणारी मुलगी विचारत होती.

शाबास! प्रश्न असावा तर असा. त्याचं उत्तर असं की, तेव्हा तिकडच्या पुष्कळ लोकांची खात्री होती की शार्क माणसाला काही करत नाही. १८९१ साली हर्मन ओल्रिक्स नावाच्या एका धनिकानं तर पाचशे डॉलरचं बक्षीसच लावलं होतं. त्या भागातल्या थंड समुद्रात शार्कनं जिवंत माणसावर हल्ला केल्याचा पुरावा आणा आणि बक्षीस न्या! ते बक्षीस कुणालाच मिळालं नाही. मोठमोठे जाणकारही म्हणत की माणसाच्या पायाचं हाड तोडण्याइतका शार्कच्या जबड्यात जोर नसतो. आपल्याला सगळं माहीत आहे, असं एकदा ठरलं की समोरच्यानं डोळ्यांनी पाहिलेलंही आपण ऐकत नाही.

बरं, हल्ल्यांनंतर काय झालं? आता लोक दुसऱ्या टोकाला गेले! काल म्हणत होते एकही शार्क चावत नाही, आज म्हणू लागले प्रत्येक शार्क माणसं खाते. खाडीत सुरुंगाची दारू फोडली. बंदुका, भाले, जाळी घेऊन माणसं बाहेर पडली. त्या किनाऱ्यावर शेकडो शार्क मारल्या गेल्या. १४ जुलैला मायकेल श्लायसर नावाच्या माणसानं खाडीच्या मुखाशी असलेल्या उपसागरात साडेसात फुटी ग्रेट व्हाइट शार्क पकडली. त्यानंतर हल्ले थांबले. पण हल्ले करणारी तीच एक होती, की खाडीतली दुसऱ्याच जातीची होती, यावर तज्ज्ञांचं आजही एकमत नाही. म्हणजे बघा, त्या शेकडो बिचाऱ्या शार्क कशासाठी मेल्या?

यावर बारक्या पहिल्यांदा बोलला. हळूच. "गुरुजी, पण मनोरला तर खरंच चावली ना?"

"हो रे राजा, खरंच चावली," मी म्हणालो. ही गोष्ट झाकून चालणार नव्हती. ज्याचा पाय गेला त्याचं दुःख खरं आहे. त्याला 'घाबरू नको' असं सांगायचा आपल्याला काय अधिकार? पण तसं का घडलं, हे आपण समजून घेऊ शकतो. जाणकारांच्या मते ती बुल शार्क होती. बहुतेक शार्क खाऱ्या पाण्यातच राहतात. बुल शार्क मात्र गोड्या पाण्यातही राहू शकते. तिच्या जातीच्या माद्या पिल्लं घालायला खाडीत, नदीच्या मुखाशी येतात. कारण तिथं पिल्लांना खाणारे मोठे मासे कमी असतात. मनोरची ती शार्क नंतर मेलेली सापडली. ती मादी होती आणि तिच्या पोटात पिल्लं होती.

वर्ग एकदम गप्प झाला. कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे तीपण आईच..."

मी त्यावर काही बोललो नाही. तुम्हीही घटकाभर थांबा आणि मग पुढं वाचा.

शार्क माणसाला का चावते? माणूस हे काही तिचं रोजचं खाणं नव्हे. तिच्या तोंडाभोवती बारीक बारीक छिद्रं असतात. त्यांच्या मदतीनं तिला दुसऱ्या प्राण्याच्या अंगातली अगदी सूक्ष्म वीजही कळते. काळजाचे ठोके पडतात, स्नायू हलतात, तेव्हा ती तयार होते. पण गढूळ पाण्यात काहीतरी हललं की शार्कचीही चूक होऊ शकते. शिवाय तिला हात नाहीत. आपण अनोळखी वस्तू बोटांनी चाचपून बघतो. तिच्याकडे चाचपायला तोंडच! म्हणून पुष्कळदा ती एकदा चावते आणि निघून जाते. पण तिच्या एका चाव्यातही आपला जीव जाऊ शकतो, हेही तितकंच खरं.

मग आम्ही आकडे मांडले. शार्कच्या पाचशेहून जास्त जाती आहेत. सर्वांत लहान वीतभर, तर सर्वांत मोठी एसटीच्या गाडीपेक्षाही लांब. या सगळ्यांत माणसांवरच्या गंभीर हल्ल्यांत वारंवार नाव येतं ते मुख्यतः तिघींचं : ग्रेट व्हाइट, टायगर आणि बुल. जगभरात एका वर्षात माणसानं डिवचलेलं नसताना शार्क चावल्याच्या घटना साधारण साठ-सत्तर होतात. त्यांत दगावतात ती पाच-सहा माणसं. साऱ्या जगात, बरं का! आणि साप चावून? एकट्या भारतात २००० ते २०१९ या काळात दरवर्षी सरासरी ५८,००० माणसं गेली, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे.

मी विचारलं, "कुणाकुणाच्या घरी साप निघाला आहे?" जवळजवळ सगळे हात वर.

"मग रात्री झोपताना काय करता?"

"अंथरूण झाडून घेतो!" सगळे एका सुरात.

"झोपायचंच बंद करता का?"

"नाऽऽही!"

बस्स! मला जे पानभर बोलून सांगता आलं नसतं, ते पोरांनी एका शब्दात सांगितलं. अंथरूण झाडायचं आणि मग निवांत झोपायचं. पाय घासायचे आणि मग पाण्यात चालायचं. आणि दिसेल तो साप ठेचायचा नसतो, तसंच दिसेल ती शार्कही मारायची नसते.

कारण या गोष्टीची दुसरी बाजूही आहे. शार्क माणसाच्या वाट्याला किती जातात ते पाहिलं. आता माणूस त्यांच्या वाट्याला किती जातो ते ऐका. २०१३ साली शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला. त्यांच्या अंदाजानं माणसं वर्षाला सुमारे दहा कोटी शार्क मारत होती. दहा कोटी! काही कल्ल्यांच्या सुपासाठी, काही मांसासाठी, काही दुसऱ्याच माशांच्या जाळ्यात अडकून. १९७० पासून भर समुद्रात राहणाऱ्या शार्क आणि पाकटांची संख्या ७१ टक्क्यांनी घटली, असं २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. चाळीस कोटी वर्षांपूर्वीही शार्क समुद्रात होत्या. तेव्हा पृथ्वीवर धड झाडंही नव्हती आणि डायनोसॉर तर पुष्कळच नंतरचे. इतकी जुनी मंडळी आपल्या आजोबांच्या आणि आपल्या काळात संपत चालली आहेत. बांगडा, बोंबील यांना अंडी ढीगभर. शार्कला पिल्लं मोजकी, तीही उशिरा. ग्रेट व्हाइट मादीला आई होण्याच्या वयाला यायलाच तीसेक वर्षं लागतात. म्हणजे तुमच्या गुरुजींएवढं वय!

हे सांगितल्यावर मुशी खाणारी मुलगी विचारात पडली. म्हणाली, "आमच्या आईच्या पाटीत कधीकधी हाताएवढ्याच मुशी असतात. ती पिल्लं असतील?"

"काही जाती मुळातच लहान असतात," मी म्हणालो, "पण काही पिल्लंही असतील."

"मग मी बाबांना विचारते, बारकी जिवंत आली तर सोडता येईल का."

तिला मी 'अशी आज्ञाच कर' म्हटलं नाही. तिचं घर मासळीवर चालतं आणि माझं पगारावर. पण सोडणारे कोळी आहेत, हे मात्र सांगितलं. व्हेल शार्क नावाची जगातली सर्वांत मोठी शार्क आपल्या पश्चिम किनाऱ्यावर येते. ती पाण्यातले बारीक जीव गाळून खाते, माणसाच्या वाटेला जात नाही. एके काळी गुजरातच्या किनाऱ्यावर तिची मोठी शिकार व्हायची. २००१ साली कायद्यानं तिला संरक्षण मिळालं. २००४ पासून तिथं मोहीम सुरू झाली. मोरारीबापूंनी लोकांना सांगितलं, ही तर बाळंतपणाला माहेरी येणारी लेक! लोकांनी तिचं नाव ठेवलं 'व्हाली', म्हणजे लाडकी. जे तिला मारत होते, तेच कोळी जाळं कापून तिला सोडू लागले. आपल्या महाराष्ट्रातही २०१८ साली योजना आली. संरक्षित प्राणी सोडण्यासाठी जाळं कापावं लागलं, तर २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई.

आणि 'जॉज'चं काय? तो चित्रपट १९७५ सालचा. त्यातली शार्क यंत्राची होती. खाऱ्या पाण्यात ती सारखी बिघडायची! म्हणून दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी ती कमीत कमी दाखवली. आणि न दिसणाऱ्या गोष्टीलाच आपण जास्त घाबरतो! मी इतकी वर्षं एका बिघडलेल्या यंत्राला भीत होतो, असं सांगितल्यावर पोरं पोट धरधरून हसली. ज्यांच्या १९७४ सालच्या कादंबरीवरून तो चित्रपट निघाला, त्या पीटर बेंचली यांना पुढे आपण शार्कला उगाच खलनायक केलं याची खंत वाटली. त्यांनी उरलेलं आयुष्य समुद्र आणि शार्क वाचवण्याच्या कामाला लावलं. २००६ साली ते वारले. स्पीलबर्ग यांनीही २०२२ साली आपल्याला पश्चात्ताप होतो असं सांगितलं. एवढी मोठी माणसं आपली चूक कबूल करतात, तिथं माझ्यासारख्या शिक्षकाला कसली लाज?

पुढच्या रविवारी मी पुन्हा खाडीवर गेलो. बारक्याची आई पुढं गेली होती. बारक्या काठावर टोपली घेऊन उभा होता. पाण्याकडे बघत होता. बराच वेळ. मी त्याला 'चल' म्हणालो नाही. मी नुसता पाण्यात उतरलो आणि विचारात असल्यामुळे नेहमीसारखा पाय उचलला.

"गुरुजी, पाय घासत!" मागून आवाज आला.

वळून पाहिलं, तर बारक्या चिखलात उतरला होता. ओठ घट्ट मिटलेले, टोपली छातीशी आणि दोन्ही पाय चिखलात घासत, घासत तो माझ्याकडे येत होता. भीती अजून त्याच्या चेहऱ्यावर होती. माझ्याही असणार. पण दोघंही चालत होतो.

त्या दिवशी आम्हाला सोळा चिंबोऱ्या मिळाल्या. एकीनं माझं बोट पकडलं, तेव्हा मी इतक्या जोरात ओरडलो की बारक्याची भीती तिथंच संपली असावी!

मित्रांनो, गोष्ट सांगणं ही मोठी जोखीम आहे. तुम्हीही एकमेकांना गोष्टी सांगता, मोबाइलवर आलेलं पुढं पाठवता. पाठवण्याआधी एकदा स्वतःला विचारा, ही सगळी गोष्ट आहे की अर्धीच? अर्ध्या गोष्टीनं कुणाच्या तरी आईचा दिवस बुडू शकतो आणि कुठल्या तरी मुक्या जिवाचा जन्मही.

मी तर आता एक नियम केला आहे. वर्गात गोष्ट सुरू केली की पुरी करूनच थांबायचं, मग घंटा वाजली तरी चालेल. पोरांची अर्थातच काही तक्रार नाही!